डब्यातला एक नंबर

(साल १९९६. अवकाळी ढगात शिरलेलं साखर कारखान्याचं छोटं विमान. चालवतोय श्रीरामपूरचा कॅप्टन जोएल. शेजारी कारखान्याचे जुने जीपड्रायव्हर, कारभारी.)

कारभारी : खाली काय दिसंना, वर काय दिसंना. तुमी बघता तरी कशाकडं, साहेब?

जोएल : या जीपीएसच्या डब्याकडं. ही सुई मधोमध राहिली की आपण धावपट्टीच्या रेषेत.

कारभारी : आन हलली तर?

जोएल : नाही हलू देत. एक नंबरचा पॉइंट म्हणजे पट्टीचं टोक. तिथवर रेषा आखून ठेवलीय. त्या रेषेवरनं पायरी-पायरीनं उतरायचं.

कारभारी : मिलचा पार्ट आजच पायजे म्हनले चेअरमन, न्हाईतर पुन्यातनं एसटीनंच आलो असतो.

जोएल : एवढं लोखंड मांडीवर घेऊन?

कारभारी : व्हय. एसटीला खाली रस्ता तरी असतो.

जोएल : मामा, आता डब्यावरचे आकडे वाचा मोठ्यानं. मी उंची बघतो.

कारभारी : तीन. दोन पॉइंट आठ. हे तर कमी व्हाया लागलं.

जोएल : तेवढेच मैल राहिले. आता एकतीसशे फुटांवर आहोत, पंचवीसशेपर्यंत उतरू. पट्टी दिसली तर टेकू, नाहीतर वर.

कारभारी : आन नाथाचा डोंगर?

जोएल : तो डावीकडं राहतो, लांब.

कारभारी : उंच किती हाय त्यो?

जोएल : सत्तावीसशे. आकडे वाचा.

कारभारी : दोन. साहेब, तुमी बी तुमच्या येशूला सांगा. दोघं मिळून बघतील. नाथबाबा, संभाळ रं. तुझ्या पायापासनंच सुरुवात केलीय म्या.

जोएल : कसली सुरुवात?

कारभारी : ह्या डब्याची. पट्टीवर जाऊन बटन दाब, डबा ती जागा ध्यानात ठिवतो म्हनून तुमीच न्हाई का धाडलं मला? नवी वस्तू. आदी डोंगरावर नेली, नारळ फोडला, बटन दाबलं. मग गेलो पट्टीवर.

जोएल : डोंगरावर बटन दाबलं?

कारभारी : पयलं, देवाच्या नावानं. मग पट्टीच्या दोनी टोकांला.

जोएल : म्हणजे एक नंबर...

कारभारी : एक पॉइंट दोन. साहेब?

जोएल : पट्टा आवळा.

कारभारी : इमानाचं नाक का वर केलं? कान फुटत्यात माझे. साहेब, खाली ते... ते भगवं काय गेलं?

जोएल : बघू नका.

कारभारी : निशान हुतं. नाथाचं.

जोएल : हो.

कारभारी : म्हंजी आपन सरळ डोंगरावरच...

जोएल : तुमच्यापेक्षा जास्त माझं चुकलं. उघडीप असताना एकदा या रेषेवरनं येऊन बघायला पाहिजे होतं. घाईत राहिलं.

कारभारी : आता कुठं?

जोएल : औरंगाबाद. पेट्रोल पुरतं तिथवर.

कारभारी : तिथं बी ढगच असत्याल.

जोएल : असतील. पण तिथं जमिनीवर यंत्र आहे, त्याची सुई वेगळी. उतरायचा रस्ता सरकारी माणसांनी मोजून, कागदावर छापून दिलाय.

कारभारी : मोजायच्या आदी ती मान्सं कुठं पाया पडाया गेल्ती, तेवढं इचारून घ्या.