किडेवालीचे ट्रे

—नाही हो, तिच्या खोलीत नाहीत, ट्रे मी माझ्याकडे आणून ठेवलेत. तिकडे ऊन येत नाही ना. या आत. जरा हळू बोलू, आमचे हे आतल्या खोलीत झोपलेत, रात्रपाळी करून आलेत. तुम्ही तिच्या प्रयोगशाळेतले, ट्रे न्यायला आलोय म्हणालात म्हणून दार उघडलं, नाहीतर उघडलंच नसतं. तिने बजावून ठेवलंय—काकू, कुणीही विचारलं तरी मी कुठे गेले ते तुम्हाला माहीत नाही. नवऱ्याची धास्ती आहे हो तिला. करंगळी बघितलीत ना तिची, वाकडी? दाराच्या फटीत धरून मोडली त्याने. ती काही आपणहून बोलली नव्हती, मीच खोदून खोदून काढून घेतलं—सवयच आहे मला, आमचे हे म्हणतात, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. आता त्याला म्हणे इथला पत्ता लागला, म्हणून भर दुपारी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली बिचारी. जाताना एवढंच म्हणाली, किड्यांना मुंग्या घालाल ना?

तर हे तुमचे किडे. मुंगीसिंह म्हणते ती—सिंह कसला, मसुराएवढा जीव, त्यातून चालतो उलटा, मागे मागे. अख्खी बिल्डिंग तिला किडेवालीच म्हणते. वाळूत हे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतायत ना, एकेकाच्या तळाशी एकेक बसलाय. नुसते चिमटे वर. मुंगी काठावर आली की पायाखालची वाळू घसरते, ती जीव खाऊन वर चढायला बघते, की हा खालून वाळू उडवतो—परत घसरते. पहिल्यांदा मला बघवलं नव्हतं. आता साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की मलाच बरं वाटतं, बोला! आणि हा पठ्ठ्या पंख फुटेपर्यंत, दोन दोन वर्षं, एकदाही परसाकडे जात नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, असा भाडेकरू बघ, पाण्याची भांडणं मिटतील... हसलात नाही तुम्ही. ती फार हसली होती. असो, तुम्हाला काय, रोजचंच.

हा जाळीतला बघा, परवाच पंख फुटले ह्याला. चतुरासारखा दिसतो ना? पण चतुरासारखं उडणं नाही जमत, कसाबसा फडफडत जातो दिव्यापर्यंत. ती ह्या ट्रेंसमोर पाट टाकून बसायची, हातातला चहा निवून जायचा—म्हणायची, काकू, हा खड्ड्यातला तोच आहे असं वाटतं का बघून?

एकटी? छे, एकटी कशी असेल? आत्या आहे ना. आणि नवऱ्याला ठाऊकच नाही अशी आत्या—लग्नाला रुसून आली नव्हती, ते रुसणं आता उपयोगी पडलं. बाई खमकी आहे, कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान एकटी चालवते. इथे नाही हो, नदीपलीकडे, सिमेंटचा कारखाना आहे ना, त्या गावात. फोन नका करू, लागायचा नाही, हिने कार्डच काढून टाकलंय, आणि दुकानातला फोन आत्या उचलत नाही, हातात इस्त्री असते. मीच जाणार होते, गरम कपडे राहिलेत तिचे. अगबाई, तुमचं जाणं आहे त्या बाजूला? मग तर सोन्याहून पिवळं, माझा हेलपाटा वाचला. पिशवी देते भरून. दुकान सोपं आहे सापडायला, कारखान्याच्या फाटकावरून सरळ आत गेलात की डावीकडे—

अहो. अहो, काय केलंत हे? खडा नव्हता तो. कोष होता—वाळू चिकटवून करतात ते, आत झोपलेला असतो. चिमटीत धरून चुरडलात? हे बघा, पंख, ओलेच आहेत अजून, घडी घातलेले. काडी रोवून ठेवली होती तिने शेजारी, बाहेर आला की चढून पंख सुकवायला. हात लावायचा नाही, ट्रे हलवायचासुद्धा नाही, हे तर तुम्हीच तिला शिकवलं ना? तिकडे प्रयोगशाळेत तुम्ही सगळे—

तुम्ही पडद्याला हात पुसलात.

नाही... काही नाही. काय म्हणत होते मी? दुकानाचं... विसरले बघा. माझं असंच आहे, ऐकते एक, सांगते भलतंच. आत्या नसेलच, मैत्रीण असेल. नदीपलीकडे कशाला जाईल ती? मला कोण कशाला सांगतंय, मी बाहेरची बाई. पिशवी? पिशवी-बिशवी नाही काही. ट्रे पण राहू देत. तुम्ही जा आता. जा म्हणते ना—

नाही नाही, थांबा. थांबा, भाऊ. चहा न घेता कुठे निघालात, माझं मेलं डोकंच ठिकाणावर नसतं. बसा. डावीकडे नव्हतंच ते, उजवीकडे आहे, खूप लांब, कागदावर काढून देते की, बसा ना जरा... भाऊ... अहो, जिन्यात अंधार आहे, सावकाश—

अहो, जागे व्हा. उठा आधी, काय झालं ते वाटेत सांगते, सदरा चढवा आणि गाडी काढा. नदीपलीकडे जायचंय. तो पोचायच्या आत.