कामरगावच्या दहा सह्या

मनकर्णाबाई : बसा जरासे. आल्यापासून येरझारा घालून राह्यले. चा थंडा झाला तुमचा.

पुंजाजी : नाही पाह्यजे चा. त्या यवतमाळच्या हापिसात टेबलावरच्या बाईनं एकेक नाव यादीत पाह्यलं अन् म्हने, काका, तुमच्या लोकसभेच्या अर्जावर सही करणारे दहाही सूचक चालत नाहीत.

मनकर्णाबाई : काहून? आपल्या रिसोडचे चांगले दहा मानसं घेऊन गेल्ते ना तुमी?

पुंजाजी : तेच भोवलं. रिसोड जिल्ह्यानं वाशीम, पन लोकसभेले अकोल्यात. उमेदवार कोठचाबी चालते, देशात कोठंबी मतदार असला म्हंजे झालं. सूचक मात्र जिथून उभं राह्यचं तिथलेच मतदार पाह्यजे. मी वकिलाचं अर्धंच आयकलं. मले चालते ते साऱ्याइले चालते, असं धरून बसलो.

मनकर्णाबाई : मंग अकोल्यातूनच उभे राहा ना.

पुंजाजी : सोयाबीनच्या भावासाठी यवतमाळ मतदारसंघातलं कारंजा, मानोरा, मंगरूळ पालथं घातलं मी. तिथले लोक म्हनले, काका, आमच्याइकून दिल्लीत बोला. अकोल्यात मले कोन ओयखते?

मनकर्णाबाई : म्हंजे मीबी तुमाले मत देऊ शकत नाही?

पुंजाजी : नाही.

मनकर्णाबाई : घ्या. बायकोचं मत नाही, अन् निंघाले खासदार व्हाले.

पुंजाजी : हासू नको वं. उद्या तीन वाजता अर्ज घेनं बंद होते.

मनकर्णाबाई : मंग त्या कारंजा-मानोऱ्यावाल्याइलेच बोलवा.

पुंजाजी : रस्ताभर फोन लावत आलो. सहीचं नाव काढलं की एकाची बायको बिमार, दुसरा पोहरादेवीले दर्शनाले गेला. पार्टीवाल्याइले भेतेत सारे. मोठ्या पार्टीचा असतो तं एका सूचकात भागलं असतं. अपक्षाले दहा लागतेत.

मनकर्णाबाई : एक गाव राह्यलं तुमचं.

पुंजाजी : नाव घेऊ नको त्याचं.

मनकर्णाबाई : घेतो. कामरगाव. कारंजा तालुक्यातच हाय. हरीओमनं एक हाक मारली तं दहा काय, अर्धं गाव येईन.

पुंजाजी : तुह्या भावानं मले दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं, विसरली? घरचा जवाई, अन् दुसऱ्या पंगतीत.

मनकर्णाबाई : कशी विसरन? माह्या भाचीचं लगन होतं. तुमी भरल्या ताटावरून उठले म्हनून मलेबी उठा लागलं. तवापासून माहेर बंद माह्यं. माय वारली तं एकटीच गेली मी. बायका इचारत होत्या, जवाई कोठं हायेत. काय सांगू त्याइले?

पुंजाजी : माह्या मानाचा सवाल होता.

मनकर्णाबाई : हो. अन् मी लय रडली, ते तुमाले आज सांगतो.

पुंजाजी : तू लाव फोन. तू सांग त्याले.

मनकर्णाबाई : मी नाही लावत. उभं तुमाले राह्यचं हाय.

(पुंजाजी स्पीकरवर फोन लावतात.)

हरीओम : हालो. कोन?

पुंजाजी : मी. रिसोडहून. पुंजाजी.

हरीओम : भाऊजी? मनकर्णाबाई बरी हाय ना माह्यी?

पुंजाजी : बरी हाय, बरी हाय. इथंच बसली. हे पाह्य हरीओम, मले लोकसभेचा अर्ज भराचा हाय. तुह्या गावचे दहा मतदार पाह्यजे, सूचक म्हनून. उद्याच.

हरीओम : मानसं भेटतीन. गाडीबी माह्यीच हाय. पन मी फोनवरून कोनाले सांगनार नाही. तुमी सकाऊन इथं या, लोकाइले सोता मांगा. अन् निंघाच्या आंधी माह्या घरी जेवा लागन.

पुंजाजी : अरे, तीनच्या आत यवतमाळ गाठाचं हाय. जेवाले कोठं येळ हाय?

हरीओम : माह्या पोरीच्या लग्नातलं ते भरलं ताट माह्या डोयापुढून जात नाही, भाऊजी. चुकलं माह्यं. त्या गर्दीत तुमाले पयल्या पंगतीले बोलवाचं राहून गेलं. तुमी आले तं आधी तुमचंच ताट वाढीन.

मनकर्णाबाई : बोला ना. येतो म्हना.

पुंजाजी : येतो. उजाडलं की निंघतो.

हरीओम : बाईले घेऊन या.

पुंजाजी : हो. ठेवतो.

मनकर्णाबाई : चा पुन्हा गरम करू का?

पुंजाजी : कर. मनकर्णा, एवढं करूनबी छाननीत अर्ज बाद झाला तं?

मनकर्णाबाई : तं तुमी घरी या. मी चार दिवस माहेरीच राहून येतो.