तिलवाऱ्याचा सरकारी डोंगा

—नाही जी, ठाणेदारसाहेब, तुमचं म्हणणं मी कुठं खोडून राहिलो? सरकार रयतेच्या रक्षणासाठीच असते—खाकी वर्द्या शिवता शिवता केस पांढरे झाले माझे, मी काहून नाही म्हणू? जरा सरळ उभे राहा—हां. पण तुम्ही नागपूरहून आत्ताच आले, तिलवाऱ्याचा तो पूर तुम्ही पाहिला नाही, म्हणून सांगतो. माझी शकु तेव्हा माहेरी होती, घाटाखालच्या टोल्यात, म्हणजे तिथल्या वस्तीत, अन् नर्मदामाई अशी चढली की अख्खा टोला छपरांवर. मी धावत घाटावर गेलो. डोंगा होता—एकच, सरकारी, चांगला मोठा—अन् त्यात काय भरून राहिले होते? काडतुसांच्या पेट्या. चौकीत पाणी शिरलं होतं ना, साहेबाचा हुकूम, आधी काडतुसं पलीकडे न्या. मी हात जोडले, म्हटलं, हुजूर, माणसं बुडून राहिली. गोरा साहेब वाईट नव्हता हो, शांतपणे म्हणाला, ही काडतुसं बागी लोकांच्या हाती लागली तर राज्य कसं चालेल? म्हणजे पाहा—पाणी गळ्याशी आलं आमच्या, अन् भीती त्याले कोणाची? आमचीच.

मग साहेब मोटारीनं तार करायले गेला, डोंग्यापाशी राहिला हवालदार. तो एकदा पेट्यांकडे पाहे, एकदा छपरांकडे. मग मले म्हणाला, "मास्टर, उधर से पकडो." आम्ही दोघांनी पेट्या उतरवून चिखलात ठेवल्या अन् डोंगा टोल्याकडे वळवला. सगळे आणले जी—म्हातारे, लेकरं, अंजनीमावशी तर तिच्या जात्यासकट यायले निघाली होती. अन् माझी शकु? छपरावर बकरी पोटाशी धरून बसलेली, मले पाहून म्हणते काय, "इतका उशीर? बरं, आधी हिले घ्या." मी तिथंच रडलो, साहेब, हसता हसता.

पेट्या? त्या माईनं नेल्या. सरकारले सांगितलं, दोर तुटला, डोंगा आपोआप टोल्याकडे वाहत गेला—अन् मजा अशी की टोला वाचवला म्हणून गोऱ्या साहेबाले बिल्ला मिळाला, त्याच्या कोटावर मीच टाचून दिला. आपला हवालदार शालिग्राम तेव्हा दारात उभा राहून असा हसून राहिला होता—शकु अजून राखी बांधते त्याले—

कोण शालिग्राम? मी शालिग्राम म्हणालो? नाही जी, तुमच्या ठाण्यातला नाही, तो दुसरा, तो तर केव्हाच वारला—म्हणजे—येत्या वर्षी पेन्शनीवर जाणार आहे बिचारा, राहू द्या ना.

बाहीच्या मापासाठी हात पुढं केला तुम्ही?

बरं, म्हणजे तो विषय मिटला. माप झालं. वर्दी मी घरी पोचती करतो, चलो, या आता.