शाळेवरून गेलेली तार

मी बडनेऱ्याचा. बाप रेल्वेच्या रुळावर गँगमधी, माय निंदाले जाये. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा मले मिसरूड फुटून राहिलं होतं, पन शाळा शिकलो ते त्याच्या आंधी, वर्गाच्या भाईर बसून, तिथून फळा अर्धाच दिसे. अर्धा फळा शिकलो म्हना. सातवी झाल्यावर लाइनमन झालो, खांबावर चढाचं काम.

काय सांगू तुमाले, मेळघाटात डोंगरावरच्या सरकारी बंगल्यावर लाइट न्याची होती. मधात कोरकू लोकायचं गाव. खडकात खांबायचे खड्डे खंदले कोनी? त्याच गावच्या बायामानसायनं. फुलमाय म्हनून एक म्हातारी, हाताले फोड आलेले, मले म्हने, दादा, हे तार आमच्या शाळेत येईन का? मी म्हनलं, येईन न माय, रस्त्यातच तं हाय. शाळा कुडाची, खिडकी नाही, पावसाळ्यात आत असा अंधार का मास्तर चार-चार पोट्टे पाळीपाळीनं दारात आनून वाचाले लावे. फुलमायची नात शेवटी राहे, तिची पाळी येईपर्यंत शाळा सुटे.

लाइन झाली. तार शाळेच्या डोक्यावरून गेली. साहेबाले म्हनलं, शाळेचं काय? म्हने, यादीत नाही. म्हनलं, यादीत घाला. तं हासले न ते, म्हने, कोरकूचे पोट्टे लाइटीत काय वाचून राहिले, तू बंगल्याचं पाह्य. अंग पेटलं माहं. ज्या बंगल्यात वर्षातून चार दिवस कोनी राहत नाही, त्याच्या व्हरांड्यात सहा दिवे! आमी लाइनमनायनं उरल्या तारेतून शाळेत एक बल्ब लावून ठेवला.

लाइट चालू कराच्या दिवशी सकाळीच बंगल्यावर मोठे पाहुने आले. शेवटचा जोड बाकी, मी खांबावर. साहेब खालून म्हने, जोड. म्हनलं, आंधी शाळेचं लिहून द्या. खाली उतर. नाही उतरत. नोकरी जाईन. जाऊ द्या. फुलमाय खांबाच्या बुडाशी येऊन उभी राहिली, मंग एकएक करून सारं गावच आलं, पाहुने घड्याळ पाहून राहिले. शेवटी साहेबानं मास्तरच्या वहीवर लिहून सही केली, मास्तरनं ते मोठ्यानं वाचलं, तवाच जोडलं. शाळेतला बल्ब लागला अन् पोट्ट्यायचा असा गलका झाला का पाहुने म्हने, काय झालं?

आठ दिवसांत माही बदली अकोल्याले.

यंदा पोळ्याच्या सुटीत गेल्तो. पोट्टे पुन्हा दारात! बल्ब कधीचाच गेला होता, नवा मास्तर म्हने, मागनी धाडली, मंजुरी नाही आली. एका बल्बाले मंजुरी! कावून बाप्पा, बंगल्यातले दिवे तं लागून राहिले न? बजारातून दोन आनले, एक लावला, दुसरा फुलमायच्या नातीजवळ देल्ला, ते आता लहान्यायले वाचून दाखवते. सुखी राहो पोरगी.

तुमी लिहून राहिले न, मंग माहं नाव घालून लिहा. उद्या कोनी इचारलं का बल्ब कोनं लावला, तं म्हना, यानं लावला, परवानगी न घेता, अन् दरसाल लावनार हाय.