सतरावी खुर्ची

(नॉर्वेतलं एक फियॉर्डकाठचं गाव. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. स्वयंपाकघरात अकरा वर्षांची टोरुन आणि तिचे आजोबा, गणिताचे निवृत्त शिक्षक.)

आजोबा: फेऱ्या मारणं थांबव आणि कल्पना कर. पालिकेत सतरा खुर्च्या आहेत, वाटायचं काम तुझ्याकडे. पहिली कुणाला देशील?

टोरुन: आईला!

आजोबा: नाही गं. ज्या उमेदवार-यादीच्या मतांचा आकडा सगळ्यात मोठा, तिला. एक खुर्ची मिळाली की त्या यादीची मतं तीननं भागायची, दुसरी मिळाली की पाचानं, मग सातानं, नवानं. मोठ्यांनी जरा मागे सरायचं, म्हणजे लहानांचाही नंबर लागतो.

टोरुन: ते कळलं हो! आपल्या शाळा-यादीला दुसरी खुर्ची का नाही मिळाली, ते सांगा. आई तिथे बसणार होती. आता सतरापैकी नऊजण शाळा बंद करायला हात वर करतील, आणि मी रोज तासभर बसमधून जायचं!

आजोबा: वाफल खा आधी. गार होतंय.

टोरुन: नको. आणि तुम्ही मघापासून रिकाम्या कपात चमचा फिरवताय.

आजोबा: बरं, लिही. शेवटची खुर्ची उरली तेव्हा शेतकरी-यादीची मतं बारा हजार दोनशे अडतीस. नवानं भाग.

टोरुन: तेराशे एकोणसाठ पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.

आजोबा: आपली चार हजार एकोणऐंशी. तीननं भाग.

टोरुन: तेराशे एकोणसाठ पूर्णांक सदुसष्ट... एवढ्याशानं? थांबा. खुर्च्या सतरा, म्हणून एका मतपत्रिकेची मतं सतरा. बरोबर?

आजोबा: बरोबर.

टोरुन: आपल्या मतपत्रिका दोनशे चाळीस. म्हणजे मतं चार हजार ऐंशी हवीत. एक कुठे गेलं?

आजोबा: आपल्या मतपत्रिकेवर दुसऱ्या यादीतल्या माणसाचं नाव लिहिता येतं. लिहिलं, की सतरातलं एक मत तिकडे जातं.

टोरुन: मग ते गेलंच नसतं तर तेराशे साठ! आजोबा, खुर्ची आपली होती! कोण असेल असा मूर्ख?

आजोबा: मूर्खच कशाला? आभार मानायचे असतील त्याला.

टोरुन: मतपत्रिकेवर? आभार?

आजोबा: समज, तुझी आजी अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा कुणी हिवाळाभर रोज पहाटे आपल्या दारातलं बर्फ उपसलं, रुग्णवाहिकेला वाट हवी म्हणून. सांगावं लागलं नाही एकदाही.

टोरुन: ते तर शेजारच्या ओस्लॉग मावशींनी... त्या शेतकरी-यादीत आहेत. आजोबा, तुम्ही?

आजोबा: सतरातलं एक. वाटलं, एवढंसं काय करणार. चाळीस वर्षं पोरांना भागाकार शिकवला मी!

टोरुन: आणि माझी शाळा?

आजोबा: अशी बघू नकोस गं माझ्याकडे.

टोरुन: मग कुठे बघू? गाडी आली. आई आली.

आई: बाबा, ऐकलंत? आपलं एकच मत बाहेर गेलंय, एकच! आणि कुणाचं ते मला ठाऊक आहे. ब्रिन्युल्फ! यादीत खालचा क्रमांक दिला तेव्हापासून धुसफुसतोय.

आजोबा: हिल्डेगुन, कॉफी घे जरा.

आई: कॉफी राहू द्या. पाचला सगळे जमतायत, त्याआधी फोनवरच विचारते त्याला. त्याच्या पोराला आपण इथे जेवू घातलं, आणि हा असा उलटला!

आजोबा: अगं, तो तसा नाही.

आई: तुम्हाला सगळे विद्यार्थी गुणीच वाटतात. वाजतोय, थांबा.

टोरुन: आई, बंद कर फोन.

आई: मध्ये बोलू नकोस.

टोरुन: बंद कर म्हणते ना! त्यांनी नाही केलं.

आई: तुला काय माहीत? आणि रडतेस कशाला? बाबा, काय झालंय हिला?

टोरुन: आधी फोन ठेव. ठेवलास? बस इथे. आजोबा, मी तुमचा हात धरलाय. सांगा आता.