पंखांची हवा

माहा जन्म रिसोडचाच. अब्बा कपडे शिवत, मीबी तेच करतो, पण आमच्या घराले कोणी शिंप्याचं घर नाही म्हणत, कबुतरवाल्याचं म्हणतात, कारण मी रांगत होतो तवापासून गच्चीवर ढाबळ, लाकडाच्या पेट्या, पुढं जाळी, अन् आत गिरेबाज, म्हणजे उडता उडता हवेतच कोलांट्या मारणारं कबुतर. काय सांगू तुमाले, सकाळी थवा वर वर गेला का मले माहे पाय जमिनीवर हायेत का नाही थेच समजत नव्हतं. मशीनवर बसलो तरी डोये वर. गिऱ्हाईक म्हणे, चाचा, पायजमा शिवून राह्यले का आभाळ?

एखाद्या पिल्लाची माय मेली तर मी दाणे चावून माह्या तोंडानं त्याले भरवो. शमीम, माही बायको, म्हणे, पोरीले कधी असा घास भरवला का?

मंग खोकला लागला. कोरडा. ढाबळ झाडली का सांजच्याले अंगात कणकण, जिना चढलो का दम. आता आमच्यात सारेच मानतात का कबुतराच्या पंखाची हवा औषधी असते, लकवा झालेल्या माणसाले लोक आमच्या गच्चीवर आणून बसवत अन् अब्बा त्याच्यावरून थवा उडवत. म्हून मी काय केलं, खाट उचलली अन् थेट ढाबळीखाली टाकली. दुपारभर तिथं पडून राहो. वर पंख फडफडत, पांढरी भुकटी उन्हात तरंगे, जसं कोणी पीठ चाळून राह्यलं, हळू हळू, माह्यासाठी. मले वाटे दवा उतरून राह्यली. तोंड उघडं ठेवून पडो मी. अशी गुंगी लागे का झोपेत मीबी कोलांट्या मारो.

मधात पोरीच्या बाळंतपणाले जऊळक्याले गेलो, महिनाभर राह्यलो, तर खोकला गायब. मी म्हटलं, जऊळक्याच्या पाण्याचा गुण हाये, कॅन भरून पाणी घरी आणलं. थेच पाणी पेत होतो अन् परत तापानं फणफणत होतो.

शेवटी वाशिमच्या डॉक्टरीणबाईनं छातीचा फोटो काढला, स्कॅन केलं, म्हणाली, टीबी नाही. चाचा, घरी पाखरं हायेत का? मी खूष झालो. म्हटलं, हायेत ना, तुमाले पाह्यजेत का? थे हसली नाही. म्हणाली, त्याईच्या पंखाची अन् विष्ठेची भुकटी फुप्फुसात जाते, शरीर तिच्याशी भांडते, भांडता भांडता फुप्फुस कडक होते, अन् कडक झालेलं परत नरम होत नाही. राह्यलेलं वाचवायचं असन तर पाखरं सोडा. म्हटलं, तोंडाले फडकं बांधतो. म्हणाली, फडक्यानं नाही भागत, चाचा.

घरी आलो, शमीमले सांगितलं. शमीम म्हणे, आजवर हे सवत सोसली, तिच्यापायी विधवा नाही होणार.

मंगरुळपीरचा एक शौकीन टोपल्यात भरून घेऊन गेला. पाखरू जुनं घर इसरत नाही, म्हून नव्या जागी आधी त्याचे पंख बांधून ठेवतात. त्यानंबी बांधले. ढाबळ शमीमनं मोडून घेतली, गच्ची धुतली. गोळ्या सुरू हायेत, दम थोडा परत आला.

पण एक करडी मादी, दोरा सुटला का काय, आली. गच्चीवर गोल गोल फिरून राह्यली. पाळलेलं कबुतर मालकाच्या शिटीवर उतरते, अन् एकडाव इथं दाणा खाल्ला का थे परत जात नाही. मी अंगणात उभा. ओठ आपोआप गोल झाले. कित्येक महिन्यांनी छातीत शिटीपुरती हवा होती, साहेब. शमीम दारातून माह्या तोंडाकडं पाहे.

मी थे हवा तशीच सोडून देल्ली.

मादीनं अजून एक चक्कर मारली अन् मंगरुळाकडं गेली. आताबी येते कधीमधी, सकाळच्या उन्हात. मी खालूनच पाहतो. अल्ला तिले लंबी उमर देवो, मलेबी थोडी.