आधी पाठ, मग भाकरी

(१९३४. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडचा माळ. होडी काठाला लावलेली. गवत कापायला मुक्कामी आलेले रायबा आणि त्याची बायको चंद्राबाई. दिवस कलतोय.)

रायबा : ...हलू नगंस. मानंमागं दोन गोचिड्या गावल्या. करंजाचं त्याल लाव म्हनलं हुतं न्हवं?

चंद्राबाई : लावलं की. पाठीला माजा हात पुरतोय व्हय?

रायबा : म्हनून तर आमचं आबा म्हनायचं, पान्यापल्याड मुक्काम असला की आधी एकमेकाची पाठ बघा, मग भाकरी. चोळीची गाठ सोड. ही बघ, वाटान्याएवढी फुगलीया. दोन दिस रगात पितीया नि तुला पत्ता न्हाई?

चंद्राबाई : न्हाई कळलं. काढा.

रायबा : काढली की. तोंड आत तुटलं, ते सुईनं कोरलं.

चंद्राबाई : कवा?

रायबा : आत्ता. चंद्रे, दुखलं न्हाई?

चंद्राबाई : न्हाई.

रायबा : आन हितं?

चंद्राबाई : हात लावलाय का तुमी?

रायबा : सुई टोचतोय.

चंद्राबाई : रंग कसा हाय तिथला?

रायबा : फिक्कट. तळहाताएवढा डाग हाय. नायटा असंल.

चंद्राबाई : नायटा खाजतो. ठकुआत्याचं असंच सुरू झालं. चुलीचा चटका बसला, तिला कळलाच न्हाई.

रायबा : विंझरची ठकुबाई? तिला तर रगतपिती...

चंद्राबाई : व्हय. गावाभाईर खोपटात मेली. आमी भाकर दगडावर ठिवायचो नि मागं सरायचो. म्याबी सरायची.

रायबा : भोरला दवाखान्यात दावू.

चंद्राबाई : तिलाबी दावलं हुतं. सुया टोचून घेऊन दमली बिचारी.

रायबा : मग कुनाला सांगायचंच न्हाई.

चंद्राबाई : सासूबाई न्हानीत माजी पाठ चोळत्यात. गेनू रोज कुशीत निजतोय. कुनाकुनापास्नं झाकू? उद्या होडीत गवत भरा नि तुमी जावा.

रायबा : आन तू?

चंद्राबाई : गेनूला म्हना, आई माहेराला गेली.

रायबा : येड्यावानी बोलू नगंस. एकट्याला होडी वल्हवंल का मला?

चंद्राबाई : भारं कमी घाला.

रायबा : (सुई गवतात पुसतो.)

चंद्राबाई : जीव लई घाबरलाय, धनी. बोला की कायतरी.

रायबा : काय बोलू?

चंद्राबाई : बरं, फिरा. तुमची पाठ बघायची ऱ्हायली.

रायबा : (मागे सरतो.)

चंद्राबाई : हात लावू का?

रायबा : आधी भाकरी खाऊन घिऊ.